पद्मिनीच्या दाराखालचा पत्रा कुजलाय. घरच्या घरी वेल्डिंग जमेल का?

खाडीकाठचा | ९ नोव्हेंबर, रात्री ११.२०

वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. ते गेल्यापासून सहा वर्षं खारेगावला आत्याच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. या दिवाळीत ताडपत्री काढली, नवी बॅटरी लावली, कार्ब्युरेटर साफ केला आणि दुपारभर खटपट केल्यावर इंजिनाने चक्क धरलं. पेढे आणायला निघणार एवढ्यात आत्येबहिणीचा मुलगा ड्रायव्हरच्या दाराखाली बोट घालून म्हणाला, "मामा, इथे खारी आहे."

खारीच होती. पापुद्र्यावर पापुद्रा. दाबलं तर बोट आत.

मग स्क्रूड्रायव्हर घेऊन सगळी गाडी टोचत फिरलो. हिशेब असा: ड्रायव्हरच्या बाजूची दाराखालची पेटी (गॅरेजवाले सिल म्हणतात, आत्या उंबरठा म्हणते) साधारण दोन फूट गेलेली. पाय ठेवतो तिथली जमीन तळहाताएवढी गेलेली. बॅटरीच्या खालचा ट्रे चाळणी. डाव्या मागच्या चाकाच्या कमानीला फ्रिजवरचं चुंबक लावलं तर ते घसरून खाली पडलं, म्हणजे तिथे पत्रा नाहीच, नुसती लांबी (खड्डे भरायची पुट्टी).

दोन डेंटरना दाखवली. एक म्हणाला, वरून पट्टी मारून लांबी भरतो, चार दिवसांत चकाचक. दुसरा म्हणाला, भंगारात द्या.

मी सोसायटीत राहतो, तिथे गाडी धुतली तरी सेक्रेटरीची चिठ्ठी येते. पण आत्याच्या अंगणात १५ अँपिअरचा प्लग आहे. आर्क वेल्डिंगने खिडकीची ग्रिल दोनदा जोडलेली आहे, तेवढाच अनुभव. एखादं छोटं मिग मशीन (रॉडऐवजी तारेवर चालणारं वेल्डिंग) घेऊन हे स्वतः करावं, असं डोक्यात आलंय. वेडेपणा आहे का?

स्टेपनी | ९ नोव्हेंबर, रात्री ११.४१

खारी वाचून हसले आणि मग आमच्या फियाटची आठवण येऊन गप्प बसले. वेडेपणा आहेच. करा.

तिरकस | १० नोव्हेंबर, सकाळी ८.०५

मशीन, गॅस, पत्रा, रंग, दवाखाना. एवढ्या पैशात सेकंडहँड वॅगनआर येते. नाहीतर व्हिंटेजमध्ये नोंदवून दारात शोभेला ठेवा.

नेरुळी | १० नोव्हेंबर, सकाळी ९.३०

@तिरकस, २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीला गाडी पन्नास वर्षांच्या वरची लागते. यांची अजून लहान आहे. आणि वॅगनआर यांच्या वडिलांनी चालवलेली नाही.

@खाडीकाठचा, मी नेरूळच्या रो-हाउसच्या पार्किंगमध्ये अँबेसिडरची जमीन बदललेली आहे, म्हणून बोलतो. पहिल्या डेंटरचा सल्ला मुळीच घेऊ नका. पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००, आणि तिची बॉडी मोनोकॉक आहे. जीपसारखी खाली वेगळी चासी नाही, पत्र्याच्या पेट्याच गाडीचं वजन उचलतात. तुमचा तो उंबरठा म्हणजे घराचा बीम आहे. कुजलेल्या बीमवर प्लास्टर करून काय होणार?

दुसरं, गंजावर पट्टी मारली की दोन पत्र्यांमध्ये पाणी धरून ठेवणारी फट तयार होते. वरचा पत्रा नवा, खालचा स्पंज. आपल्याकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली, त्यात खाडीची खारट. मीठ असलं की गंज कितीतरी वेगाने चालतो. दोन पावसाळ्यांत पट्टीच्या कडेने फोड येतात आणि मग आपण म्हणतो रंग हलका होता.

गंज दिसतो त्याच्या तिप्पट असतो असं धरून चाला. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. चांगला पत्रा टणकन बोलतो, कुजलेला भद्द. बोलतो तिथपर्यंत कापायचं.

वागळे_पत्रा | १० नोव्हेंबर, दुपारी २.१०

वागळे इस्टेटमध्ये पत्राकाम करण्यात एकतीस वर्षं गेली, आता निवृत्त. मोठा प्रतिसाद लिहितोय, टायपिंग सांभाळून घ्या.

आर्क मशीन विसरा. गाडीचा पत्रा २० गेजचा, म्हणजे ०.९ मिलिमीटरच्या आसपास. अडीच मिलिमीटरचा रॉड त्याला लावलात की भोक. भोक भरायला गेलात की मोठं भोक. मिगच घ्या. तार ०.६ मिळाली तर सोनं, नाहीतर ०.८ चालते. गॅस नुसता सीओटू वापरला तरी काम होतं, आर्गनचं मिश्रण असेल तर चटका कमी बसतो आणि शिंतोडे कमी उडतात. बिनगॅसची फ्लक्सवाली तार पातळ पत्र्याला फार तापट. शिवाय तिची पोलॅरिटी उलटी असते. गॅसवाल्या तारेला टॉर्च पॉझिटिव्हला, फ्लक्सवाल्या तारेला निगेटिव्हला. मशीन नवीन आल्यावर झाकण उघडून आधी हे बघा. निम्मी रडगाणी तिथेच संपतात.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड, जस्त नसलेला) घ्या. कळंबोलीला ढीग आहे, पण तिथे किरकोळ कोणी विचारत नाही. वागळेत किंवा रबाळेत एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे कात्रण मागा, किलोवर देतो.

आता पद्धत. आधी पुठ्ठ्याचं माप काढा, जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा झकास चालतो. ठिगळाचे कोपरे गोल ठेवा, काटकोनात ताण साठतो आणि पुढे तिथूनच चीर जाते. बाहेर दिसणाऱ्या भागात पत्र्यावर पत्रा चढवू नका, कडेला कड भिडवा आणि मध्ये एक मिलिमीटरची फट ठेवा. मग टाके. सलग रेघ ओढायची नाही! एक टाका इथे, दुसरा समोरच्या टोकाला, तिसरा मधे. इंचा-इंचावर झाले की थांबा. हात लावून बघा. हात ठेवता आला तरच पुढचा टाका, दोन टाक्यांच्या मधोमध. सलग मारलंत की पत्रा पापडासारखा फुगतो आणि मग त्याला कोणी बसवू शकत नाही, मीसुद्धा.

पहिला आठवडा गाडीला हात लावू नका. भंगार पत्र्याचे तुकडे जोडत बसा.

एक राहिलं आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाके मारून बसवा. एका वेळी एकच बाजू कापा.

रबाळे_शिफ्ट | १० नोव्हेंबर, रात्री ९.५५

काकांना दंडवत. थोडी भर. जीआय (जस्त चढवलेला) पत्रा फुकट मिळाला म्हणून वापरू नका. जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. आमच्याकडे जुने लोक त्यावर दूध प्या म्हणतात. दुधाने काही होत नाही, धूर न घेणं हाच उपाय. जीआय वापरायचाच झाला तर जस्त घासून काढा आणि उघड्यावर बसा.

डोळ्यांचं: काळी काच १० किंवा ११ नंबरची. "एकच टाका आहे" म्हणून डोळे मिटून मारला की रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू. बटाट्याच्या चकत्या ठेवू नका, डॉक्टर गाठा. बनियनवर बसू नका, गळ्याचा त्रिकोण भाजून निघतो, उन्हात भाजल्यासारखाच. आणि त्या भाच्याला लांब ठेवा, पोरं टक लावून बघतात.

ब्रेक क्लीनरने पत्रा पुसून लगेच वेल्डिंग, हे तर कधीच नाही. क्लोरीनवाला असेल तर आर्कमध्ये त्याचा फॉस्जीन होतो. विषारी वायू आहे तो, युद्धात वापरलेला.

गळकी_टाकी | ११ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

माझ्या नावाला जागून सांगतो. पेट्रोलची टाकी उतरवून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. रिकामी आहे म्हणून गाडीत ठेवू नका, रिकामीतली वाफच पेटते. सीएनजी किट असेल तर सिलिंडरही बाहेर. बॅटरी काढा. आणि चेसिस नंबराच्या आसपास ग्राइंडर फिरवू नका. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, तेव्हा नंबराचा ठसा घेतात. नंबर घासला गेला तर गाडी चोरीची नाही हे सिद्ध करत बसाल.

खाडीकाठचा | २४ नोव्हेंबर, रात्री १०.३०

मशीन आणलं. नागदेवी स्ट्रीटला अख्खा शनिवार गेला, पण हेल्मेट, मोजे, चुंबकी गुणे, एक मिलिमीटरच्या कटिंग डिस्का सगळं एका गल्लीत मिळालं.

काकांचं ऐकून आठ दिवस तुकडे जोडतोय आणि आता रडकुंडीला आलोय. टाका पडतो, पण अनारशासारखा. जाळीच जाळी. ग्राइंडर फिरवला की भोकंच भोकं. करंट कमी-जास्त करून पाहिला, तारेचा वेग बदलला, पत्रा चकचकीत घासला. पोलॅरिटी बरोबर आहे, गॅसही येतोय, नळीचा फुसफुस आवाज ऐकू येतो. मशीन खराब का?

रबाळे_शिफ्ट | २४ नोव्हेंबर, रात्री १०.४८

पंखा लावून बसलायत का?

खाडीकाठचा | २४ नोव्हेंबर, रात्री १०.५०

हो. उकडतं हो.

वागळे_पत्रा | २४ नोव्हेंबर, रात्री ११.०२

बंद करा.

स्टेपनी | २४ नोव्हेंबर, रात्री ११.०४

या धाग्यातला सगळ्यात छोटा आणि सगळ्यात मौल्यवान प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

रबाळे_शिफ्ट | २४ नोव्हेंबर, रात्री ११.१०

कारण सांगतो. वितळलेल्या लोखंडाला हवा लागू नये म्हणून तो गॅस. पंखा गॅस उडवून लावतो, हवा आत शिरते, बुडबुडे अडकतात. खाडीकडून वारा सुटला तरी हेच होणार, वाऱ्याच्या बाजूला प्लायवूड उभं करा. गॅस मिनिटाला आठ-दहा लिटर पुरतो. जास्त सोडला तर भोवरे होऊन उलट हवाच ओढली जाते.

खाडीकाठचा | २५ नोव्हेंबर, रात्री ८.१५

पंखा बंद. अनारसे बंद. घामाने हेल्मेटची काच धुरकटते, पण टाके नाण्यासारखे गोल पडतायत आणि आवाज फोडणीत मोहरी तडतडावी तसा एकसारखा येतोय. दोन तुकडे जोडून पक्कडीने वाकवून पाहिले, पत्रा फाटला, टाका सुटला नाही.

नेरुळी | २६ नोव्हेंबर, सकाळी १०.००

आता खरी गंमत. सुट्या वस्तूंचं काय करताय? बॅटरी ट्रे, बंपरच्या पट्ट्या, बिजागऱ्या? त्या घासत बसू नका. साखर कारखान्याची मळी (जनावरांच्या खाद्याच्या दुकानात मिळते) एक भाग, पाणी नऊ भाग, बंद पिंपात दहा-पंधरा दिवस. गंज विरघळतो, चांगलं लोखंड बहुतेक शाबूत राहतं. वास मात्र असा की आत्या घराबाहेर काढतील.

घाई असेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात इलेक्ट्रोलिसिस. चार्जरचा निगेटिव्ह वस्तूला, पॉझिटिव्ह साध्या लोखंडाच्या तुकड्याला. स्टीलचा डाव, चमचा वापरायचा नाही, त्यातल्या क्रोमियमचं विषारी पाणी होतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून उघड्यावर करा आणि जवळ बिडी नको.

तिरकस | २६ नोव्हेंबर, दुपारी १.२०

एवढं कशाला? गंजाचं औषध मिळतं, ब्रशने लावा, काळं होतं, वर रंग. झालं.

वागळे_पत्रा | २६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.४०

औषध वाईट नाही. त्यातलं फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल वरच्या गंजाचा घट्ट थर करतं. पण पापुद्रे सुटलेल्या पत्र्याला औषध लावणं म्हणजे हिरडी गेलेल्या दाताला पॉलिश. भोक पडलं असेल तर कापायचंच. आणि गॅस वेल्डिंगबद्दल एक फोन आला होता म्हणून लिहितो: आमच्या तरुणपणी हेच सगळं ऑक्सिजन-ॲसिटिलीनवर केलं, पितळही भरलं. हात बसलेला असेल तर तो टाका मिगपेक्षा मऊ पडतो, हातोडीने बसवता येतो. पण उष्णता फार पसरते आणि नवशिक्याला तीच आवरत नाही.

खाडीकाठचा | १५ डिसेंबर, रात्री ११.५५

दोन गोष्टी झाल्या. दोन्ही माझ्याच मूर्खपणाने.

पहिली. पायाखालच्या जमिनीला ठिगळ बसवलं, गुळगुळीत झालं, खूश होऊन चहाला आत गेलो. गालिचा आणि सीट काढली होती. पण डॅशबोर्डच्या खाली, समोरच्या पत्र्याला आतून चिकटवलेलं नमद्यासारखं कापड राहून गेलं होतं. चहा संपेपर्यंत गाडीतून धूर. ज्वाळा नव्हती, कापूस धुमसावा तसं धुमसत होतं. बादलीभर पाणी मारलं. वायरिंगचा एक जुडगा वितळला. आत्या काही बोलली नाही, फक्त तुळशीपुढचा दिवा आत नेऊन ठेवला.

दुसरी. सिल कापली. काकांनी पाइप बसवा म्हटलं होतं. पाइप आणला होता. पण दोनच फूट तर कापायचंय, गाडी पुढे-मागे स्टँडवर भक्कम आहे, असं म्हणून बसवला नाही. बाहेरचा पत्रा गेला, आतलाही कुजलेला निघाला, तोही गेला. नवा तुकडा बसवून टाके मारले. दार बंद करायला गेलो तर वरच्या मागच्या कोपऱ्यात चौकटीला घासतंय. वर फट दोन मिलिमीटर, खाली आठ. सकाळपर्यंत सगळीकडे पाच होती.

आता काय?

वागळे_पत्रा | १६ डिसेंबर, सकाळी ६.१०

टाकेच मारलेस ना? पूर्ण वेल्ड नाही ना मारलास?

खाडीकाठचा | १६ डिसेंबर, सकाळी ६.१२

टाकेच. दोन-दोन इंचांवर.

वागळे_पत्रा | १६ डिसेंबर, सकाळी ६.४५

मग वाचलास. नीट वाच.

गाडी दोन टोकांवर टेकलेली, मधला बीम तू काढलास, पोट खाली आलं. म्हणून चौकट वरून मिटली, खालून फाकली. दोष दाराचा नाही. बिजागऱ्यांना हात लावू नकोस, डेंटर लोक तिथेच चुकतात. बिजागरी वाकवून दार बसवतात आणि गाडी वाकडी ती वाकडीच राहते.

टाके ग्राइंडरने काप. गाडीच्या पोटाखाली, चांगल्या पत्र्याला, रुंद लाकडी फळी लावून जॅक दे. एकदम नाही. पाव फेरी, मग दार लावून बघ. वरची फट आणि खालची फट सारखी झाली की थांब. मग तो पाइप बसव, जो तू आणून ठेवला होतास. चौकटीत आडवा एक, तिरका एक. त्यानंतर सिल. दार गाडीवरच राहू दे, तेच तुझं मोजमाप.

आणि आगीबद्दल. वेल्डिंग संपल्यावर अर्धा तास गाडीजवळ बसायचं. चहा तिथेच मागवायचा. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना हात घालून बघायचं. आमच्या शेडमध्ये हा नियम एका जळलेल्या टेम्पोनंतर आला.

स्टेपनी | १६ डिसेंबर, सकाळी ९.२०

काका अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

नेरुळी | १६ डिसेंबर, सकाळी ९.५०

काचेचंही बघा. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात, मग ती खरखरीत कायमची. ओलं गोणपाट टाकत जा. गोधडी नको, आत ठिणगी शिरली की गोधडीही धुमसते.

खाडीकाठचा | १२ जानेवारी, रात्री ९.४०

उशिरा लिहितोय, माफी. जॅक एकूण सव्वा फेरी लागला. दर पाव फेरीला दार लावून फट मोजली. कंपासपेटीतली पट्टी जात नव्हती म्हणून ड्रिलचं पाच मिलिमीटरचं पातं फटीत घालून बघत होतो. चौथ्या पाव फेरीला वर ते जेमतेम शिरलं, पाचव्या वेळी वर आणि खाली सारखंच सरकलं. पाइप बसवले. मग सिल: आतला पत्रा आधी, त्याला आतून इपॉक्सी प्रायमर, मग बाहेरचा. खालच्या दुमडीला कारखान्यात मारलेले स्पॉट वेल्ड होते, तिथे सहा मिलिमीटरची छिद्रं पाडून ती टाक्याने भरली. चार रविवार गेले. त्यातला निम्मा वेळ पत्रा गार व्हायची वाट बघण्यात.

पाणी जायची भोकं बुजली होती, ती उघडली. मुळात गंज तिथूनच सुरू झाला असणार. पेटीत माती, सुकलेली पानं आणि एक पंचवीस पैशांचं नाणं मिळालं.

आता प्रश्न रंगाआधीचा. लांबी किती आणि कशावर?

वागळे_पत्रा | १३ जानेवारी, सकाळी ७.००

जेवढी कमी तेवढी चांगली, दोन मिलिमीटरच्या वर नको. आधी इपॉक्सी प्रायमर, वर लांबी. आणि उघड्या लांबीवर पाणी-पेपर मारू नकोस, कोणी कितीही सांगो. लांबी पाणी पिते, ते पाणी रंगाखाली बंद होतं आणि जुलैत फोड येतात. कोरडाच पेपर. धूळ खा, पण मास्क लावून. साध्या रेड ऑक्साईडवर भरवसा ठेवून गाडी पावसात उभी करू नकोस, त्यातून पाणी झिरपतं.

रंग झाल्यावर पेटीत आतून मेण फवार, कॅव्हिटी वॅक्स म्हणून मिळतं. वेल्डिंगने आतला रंग जळलेलाच असतो, ती बाजू कुणाला दिसत नाही आणि पुढचा गंज तिथूनच निघतो. खालून डांबर फासायचं असेल तर आधी पत्रा पूर्ण स्वच्छ. गंजावर डांबर म्हणजे त्याला पांघरूण.

खाडीकाठचा | २ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.२५

मेण मारलं. भोकांतून दोन दिवस थेंब गळत होते, म्हणजे आत सगळीकडे पोचलं असावं.

दार आज आत्याने लावलं. पूर्वी ते दोनदा आपटावं लागायचं, वडील म्हणायचे फियाटचं दार असंच असतं. आज एका बोटाने ढकललं आणि खट्ट झालं. तिने उघडून पुन्हा लावलं. मग पुन्हा.

डाव्या कमानीची लांबी फोडायला घेतलीय. पाऊण इंच जाड आहे. तिच्या मागे भोकात चक्क वर्तमानपत्र कोंबलेलं निघालं, वरून फायबर आणि लांबी. कोणत्या गॅरेजने केलं आठवत नाही, आठवलं तरी आता काय. कागद अर्धा वाचता येतो, छोट्या जाहिराती आहेत. डोंबिवली पूर्व, वन आरके, स्टेशनपासून सात मिनिटं. आत्या चष्मा लावून किंमत शोधतेय.

वागळे_पत्रा | २ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.५०

जाहिरात नंतर वाचा. त्या बाजूला पाइप बसवलास का?

खाडीकाठचा | २ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.५२

कालच. कापण्याआधी. फोटो टाकतो.